कणगीचं उदाहरण

माझ्या एका वाक्यानं एक माणूस गेला, असं मी घरात म्हटलं की बायको ताट उचलून स्वयंपाकघरात निघून जाते. "माणसं हृदय बंद पडून मरतात, वाक्यानं नाही," असं तिचं म्हणणं. तिचं बरोबर असेलही. पण ते वाक्य मी बोललो होतो, आणि बोलताना माझं लक्ष कुठं होतं हे मलाच माहीत आहे.

"दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी हो म्हटलं. गमती खूप आहेत, त्यातल्या काही सांगतोच. पण लिहायला बसलो की त्यांच्या मधोमध तात्या शिगवण बसलेले दिसतात. काउंटरसमोरच्या बाकावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. त्यांना ओलांडून मला पुढं जाता येत नाही.

मी रत्नागिरीतल्या एका खाजगी रुग्णालयात बिलाच्या खिडकीमागं आयुष्य काढलं. डॉक्टरला लोक देव म्हणतात, नर्सला ताई म्हणतात, बिल करणाऱ्याकडे मात्र तलाठ्याकडे पाहावं तसं पाहतात. निवृत्त झाल्यावर सुटलो असं वाटलं. पण सत्तरीच्या पुढच्यांसाठी सरकारची मोफत उपचारांची योजना आली आणि मॅनेजरसाहेबांनी मला परत बोलावलं. "म्हाताऱ्यांशी बोलायला तुमच्यासारखा माणूस हवा, भाऊ. पोरं फार भराभर बोलतात." जन्मभर बिलं फाडलेल्या माणसाला शेवटी मोफतच्या काउंटरवर बसायला मिळालं, याचा मला आनंदच झाला. लोक पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसायला लागले.

ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी योजना थोडक्यात सांगतो. वयाची सत्तर वर्षं पूर्ण झाली की हे कार्ड काढता येतं. गरीब असा, पेन्शनर असा, नाहीतर हापूसच्या बागांचे मालक असा. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. पैसे हातात येत नाहीत. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात. पेशंट दाखल झाला की आम्ही त्याची कागदपत्रं कॉम्प्युटरवरून वर पाठवायची, मंजुरी आली की उपचार करायचे, आणि ठरलेला दर रुग्णालयाला मिळतो. नुसतं तपासून गोळ्या लिहून घ्यायला कार्ड चालत नाही. ऑपरेशनला चालतं, डायलिसिसला चालतं. डायलिसिस म्हणजे किडन्या थकल्या की आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त साफ करून घेणं.

हे सांगायला सोपं वाटतं, काउंटरवर ते सोपं नव्हतं. मिरजोळ्याचे एक आजोबा रिक्षानं आले. आधार कार्डावर त्यांचं वय अडुसष्ट.

"आजोबा, तुम्हाला अजून दोन वर्षं थांबावं लागेल."

"अहो, माझ्या धाकट्या भावाचं कार्ड तुम्हीच काढून दिलंत ना गेल्या आठवड्यात?"

बघितलं तर खरंच. धाकटा एकाहत्तरचा. शाळेत नाव घालताना कुणीतरी कसंही वय लिहिलेलं, तेच पुढं चालत आलेलं. आजोबा खिडकीवर कोपर टेकून म्हणाले, "म्हणजे आता त्याला दादा म्हणू काय?"

एक निवृत्त मुख्याध्यापक दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू घेऊन भांडायला आले होते. "गरिबाच्या ताटातलं ओढून मी डोळे उघडू?" शेवटी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "जन्मभर सरकारला कर दिलात, त्यातला थोडा परत घेताय असं समजा." तेव्हा कुठं तयार झाले. आणि बिल शून्य आल्याची इतकी लाज वाटली त्यांना, की मे महिन्यात माझ्या घरी आंब्याची पेटी पोचली. मी ती ठेवून घेतली. इथं सगळंच सांगायचं ठरवलंय म्हणून तेही सांगतो.

गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एक बाई म्हणाल्या, "पाचातले पन्नास हजार नातवाच्या लग्नाला द्या, बाकीचे राहूदेत आजारपणाला." पैसे बँकेत नसतात हे त्यांना पटेना. मी मधल्यामध्ये खातोय असा त्यांचा संशय शेवटपर्यंत होता.

अशा लोकांसाठी मी एक उदाहरण तयार केलं. रत्नागिरीच्या खेड्यातल्या माणसाला भाताची कणगी सांगावी लागत नाही. बांबूच्या चटईची, शेणानं सारवलेली, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभी. मी म्हणायचो, "हे कार्ड म्हणजे कणगी. यातलं भात बाजारात विकता येत नाही, भूक लागेल तेव्हा पानात वाढून घ्यायचं. आणि म्हातारा-म्हातारी दोघंही सत्तरच्या पुढचे असले, तरी कणगी एकच. दोघांनी मिळून खायची."

लगेच कळायचं. माना हलायच्या. मॅनेजरसाहेबांनी एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसमोर माझ्याकडून ते उदाहरण म्हणून घेतलं. पाहुणे म्हणाले, "वा, काय सोपं केलंत!" त्या दिवशी मी घरी जाताना खाजा घेऊन गेलो.

तात्या शिगवण हातखंब्याच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतले. तरुणपणी एमआयडीसीत वॉचमन, नंतर शेती. पत्नीला सगळे काकी म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. काकींच्या किडन्या गेल्या होत्या, डायलिसिस सुरू करायचं होतं. कार्डाच्या वेळी काकींचा अंगठा मशीन घेईना. काजूच्या कारखान्यात बी सोलून सोलून त्या चिकानं बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. गुळगुळीत, पाटीसारखी बोटं. मी पुसून बघितलं, दाबून बघितलं.

तात्या म्हणाले, "तिचा आंगठा काजूनं खाल्लान. माजा लावा. लगीन केलंय, चोरून आनली नाय."

काकी म्हणाल्या, "ह्यांचा लावून ह्यांनाच सुया टोचतील. मग बरं होईल."

शेवटी डोळ्यांवरून ओळख पटवून काम झालं. मी कणगीचं उदाहरण सांगितलं. तात्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "आनि कणगी खलास झाली की?"

मागं रांग होती. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. मी प्रिंटरचं झाकण उघडता उघडता म्हणालो, "खलास झाली की झाली, तात्या. मग पदरचं."

हेच ते वाक्य. ते खोटंही नव्हतं. त्या वर्षापुरतं खरं होतं. नवीन वर्ष लागलं की पाच लाख पुन्हा पहिल्यापासून मिळतात, आणि गेल्या वर्षीचं उरलेलं पुढं येत नाही, एवढंच जोडायचं होतं. एका श्वासाचं काम. मी कागद ओढत बसलो.

त्यानंतर तात्या आणि काकी एसटीनं नेमानं यायला लागले. काकी आत मशीनवर, तात्या बाहेर बाकावर. पिशवीत काकींचं धुतलेलं पातळ, डब्यात तांदळाची भाकरी. काकींना पाणी मोजून प्यावं लागायचं, म्हणून तात्याही बाहेर बसून पाणी प्यायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "ती आतनं बघते ना काचंतनं. जीव टाकते मग."

आमची चांगली ओळख झाली. मी सरकारी भाषेत काही बोललो की ते म्हणायचे, "भाऊ, कणगीच्या भाषेत सांगा." मला बरं वाटायचं. माझं उदाहरण कुणीतरी माझ्यादेखत वापरतंय!

पावसाच्या तोंडावर एकदा तात्या जिना चढून आले आणि छातीवर हात ठेवून भिंतीला टेकले. आमच्या डॉक्टरांनी बघितलं, ओढून आत नेलं, ईसीजीची पट्टी काढली. हृदयाच्या नळ्यांची तपासणी तातडीनं करायला हवी, बहुतेक स्टेंट लागेल, आणि ते कोल्हापूरला होईल. कार्ड तिथंही चालेल. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. तात्यांनी ती घडी करून पिशवीत घातली.

"बघू. लावणी होऊंदे."

लावणी कसली, त्यांची शेती केव्हाच पडीक होती. मुलगा विलास नालासोपाऱ्याला, नांगर धरणार कोण? मी समजलो की काकींना कोण आणणार ही काळजी असेल. मी म्हणालो, "काकींना विलास आणेल चार दिवस. नाहीतर मी गाडी पाठवतो." नंतर लावणीचं गणपतीवर गेलं. गणपतीचं नवरात्रावर. मी चिडवायला लागलो. "तात्या, सुईला घाबरता का? काकी बघा, आठवड्याला किती टोचून घेतात. आणि सगळं फुकट आहे!"

तात्या हसले. म्हणाले, "फुकट काय नसतं, भाऊ. कणगीतलं जातं."

आणि मी हसलो. माझंच उदाहरण त्यांनी इतक्या चपखल वापरलं म्हणून हसलो. शेजारच्या खिडकीवरच्या मुलीलाही सांगितलं, "बघ, कसं लक्षात राहिलंय."

तो माणूस मला सांगत होता. याहून स्पष्ट तो काय सांगणार होता? आज हे लिहितानाही मला कळत नाही, की आयुष्यभर लोकांच्या तोंडावरून बिल परवडणार की नाही हे ओळखणारा मी, तेव्हा मला कसं ओळखता आलं नाही.

नवरात्राच्या आधीच तात्या गेले. सकाळी पाखाडी चढत होते, तिथंच पायरीवर बसले ते उठले नाहीत.

डायलिसिस सुतक पाळत नाही. तिसऱ्या दिवशी काकी आल्या, बरोबर विलास. मी उठून बाहेर गेलो. काकी बाकावर बसल्या, तात्यांच्या जागेवर. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, त्यांच्या वाटचं आता माज्याकडंच ऱ्हायलं ना? कणगीतलं?"

मला कळलं नाही. विलास खाली मान घालून म्हणाला, "बाबांनी ऑपरेशन त्यासाठीच नाय केलं, भाऊ. मी फोनवर भांडलो त्यांच्याशी. म्हणाले, कणगी एक हाय, माज्यावर सांडली तर म्हातारी उपाशी मरंल. तिला आता जन्मभर लागनार. मी कमी खाईन."

मी भिंत धरली. खरंच धरली, तात्या टेकले होते तीच. पावसाळ्यासाठी मे महिन्यात घर भरून ठेवणारी, आणि श्रावणात डबे तळाला लागले की "मला भूक नाही" म्हणत पानावरून उठणारी माणसं ही. मीही अशाच घरात वाढलो. आईला तसं उठताना मी पाहिलंय. आणि मी त्यांना कणगीचं उदाहरण दिलं होतं! काकींचं वर्षभराचं डायलिसिस आणि तात्यांचा स्टेंट, दोन्ही एका वर्षात आरामात बसत होतं. हिशेब माझ्यासमोर स्क्रीनवर होता. कुणी विचारला नव्हता आणि मी सांगितला नव्हता.

"आहे, काकी," मी म्हणालो. "भरपूर आहे."

तेव्हापासून दर खेपेला मशीनवर जाताना काकी खिडकीशी थांबायच्या. "त्यांनी ठेवलेलं पुरतंय ना?" मी म्हणायचो, "पुरतंय." नवीन वर्ष लागलं, स्क्रीनवर पूर्ण रक्कम पुन्हा दिसायला लागली. तात्यांनी जीव देऊन राखलेलं सगळं त्या एका रात्रीत पुसलं गेलं होतं, जणू कुणी काही ठेवलंच नव्हतं. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. खिडकीशी काकी. "पुरतंय ना?" "पुरतंय, काकी." आत बाकीच्या बायकांना त्या अभिमानानं सांगायच्या, "माजं काय, आमच्या ह्यांनी ठेवलंय त्यावर चाललंय." त्यांच्याकडून तेवढंही कसं काढून घ्यायचं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती.

मी काम सोडलं. कंबरेचं कारण दिलं. यंदा मला सत्तर पूर्ण झाली आणि माझंच कार्ड काढायला त्याच काउंटरवर गेलो. माझ्या जागी बसलेल्या मुलीनं कॉम्प्युटरवरून नजर न उचलता म्हटलं, "काका, काकूंना सत्तर झाली की दोघांना मिळून पाच लाख. दर वर्षी नवीन मिळतात." इतकं सहज. जिला कणगी माहीत नाही, जी फार भराभर बोलते, तिनं ते चार शब्द अजिबात न अडखळता म्हटले.

हे छापून येण्याआधी काकींना माझ्या तोंडून कळायला हवं होतं. म्हणून परवा वाडीत गेलो. दुपारची वेळ. विलासची बायको आता तिथंच राहते, तिनं कोकम सरबत दिलं. काकी पडवीत बसल्या होत्या, हातात छोटी वाटी, त्यांचं दुपारचं मोजलेलं पाणी.

मी सगळं सांगितलं. प्रिंटरचंही सांगितलं. दर वर्षी भरते, उरलेलं पुढं येत नाही, तात्यांचं ऑपरेशन झालं असतं तरी तुमचं काही कमी पडलं नसतं, हे सांगितलं. आणि इतके दिवस "पुरतंय" म्हणत होतो ते खोटं होतं, हेही.

काकींनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आमची कणगी रिकामी झाली ती परत भरली नाय, भाऊ. शेती पडली. कणगी भरते हे आमी इसरलो होतो."

मी हात जोडले. त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. एकदम विचारलं, "ह्ये अजून कुनाला सांगितलंत?"

"नाही."

"मग उठा."

"कुठं?"

"ह्यांनी वाडीभर सांगितलीय तुमची कणगी. बाळूभावजींना हर्नियाचं आपरेशन सांगितलंय. वर्ष झालं, पोट धरून फिरतायत. करत नायत. त्यांच्या मालनचा गुडघा व्हायचाय ना."

मला वाटलं होतं, ते वाक्य तात्यांबरोबर संपलं. ते वाडीभर फिरत होतं.

काकी माझ्या पुढं चालत होत्या. डायलिसिसच्या सुयांचा हात पदराखाली, दुसरा हात कुंपणाच्या गडग्याच्या चिऱ्यांवर टेकत. बाळूभावजी खळ्यात सुंभ वळत बसले होते, एक हात पोटाशी. त्यांच्या पत्नी मालनकाकी उंबऱ्यात.

"सांगा," काकी मला म्हणाल्या. "पुरतं सांगा."

मी पूर्ण सांगितलं. दर वर्षी भरते, दोनदा म्हणालो. ऑपरेशन यंदा केलंत तर पुढच्या वर्षी गुडघ्याला पूर्ण रक्कम असेल. नाही केलंत तर यंदाचं फुकट जाईल.

बाळूभावजींचे हात थांबले. ते कुणाकडेच बघेनात. मालनकाकी मात्र उंबऱ्यातून गुडघ्यावर जोर देत उठल्या.

"म्हंजे तू माज्यासाठी पोट धरून बसलायस? मला सांगतोस भटजी म्हनला, मुहूर्त नाय! आपरेशनाला मुहूर्त? मेल्या, मी सांगितलं होतं तुला माजा गुडघा राख म्हनून? उद्या तू पडलास म्हंजे मी हा गुडघा घेऊन नाचू कुठं?"

"अगं, हळू बोल, पावनं..."

"पावन्यांना ऐकूंदे! समद्या वाडीला ऐकूंदे! सोमवारी जायाचं. भाऊ, सोमवारी चालतं का?"

"चालतं," मी म्हणालो.

"आनि तू गप! तुला कोन इचारतंय?" हे बाळूभावजींना, ज्यांनी सोमवारबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मी मधे पडायला गेलो. काकींनी माझ्या हाताला धरून मला मागं ओढलं. त्यांच्या बोटांना रेषा नाहीत हे मला माहीत होतं, पण ती बोटं माझ्या मनगटाला पहिल्यांदाच लागली. कढईच्या बुडासारखी गुळगुळीत आणि गरम. त्या गडग्याला टेकून ते भांडण ऐकत उभ्या होत्या, एकेक शब्द, कुणीतरी गाणं ऐकावं तसं.

"भांडूंदे तिला," काकी म्हणाल्या. "मला तेवढं पन मिळालं नाय."